लेकराच्या हाताला करंट

शिवन्याचा मुका घेतला की ओठाला मीठ लागतं, हे सगळ्यांत आधी मंजुळाबाईंच्या लक्षात आलं. नात सात महिन्यांची. दूध पोटभर प्यायची, पण अंगाला लागायचं नाही. हातपाय काटक्यांसारखे, पोट तेवढं पुढं आलेलं, शी तेलकट, आणि खोकला असा की ऐकणाऱ्याचीच छाती दुखावी. मंजुळाबाईंनी दृष्ट काढून पाहिली. केजच्या दवाखान्यातून तीनदा औषध आणून झालं. शेवटी भागवत आणि करिष्मा लेकीला घेऊन बीडला मोठ्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मिठाची गोष्ट निघाली तेव्हा त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. जन्मापासूनचा एक आजार असतो, ते म्हणाले. त्यात घामातून फार मीठ जातं, छातीतला कफ घट्ट होतो, खाल्लेलं पचत नाही. तोच आहे असं ते म्हणत नव्हते, पण घाम तपासायला हवा. सुई टोचायची नाही, रक्त काढायचं नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पुण्याहून मशीन येतं. हाताला औषधाच्या दोन चकत्या बांधतात आणि पाच मिनिटं बारीकसा करंट सोडतात. त्या करंटानं औषध कातडीत उतरतं, तेवढ्या जागेला घाम फुटतो, तो गोळा करून तपासायचा.

करिष्मा मान डोलावत होती. करंट हा शब्द आला आणि पुढचं भागवतला काही ऐकू आलं नाही.

भागवत विजेच्या खांबांवर चढणारा माणूस. अकरा वर्षं तेच काम. दोन वर्षांपूर्वी त्याचा जोडीदार सिदू त्याच्या डोळ्यांदेखत गेला होता. लाईन बंद होती, कामाच्या परवानगीचं परमिट हातात होतं, आणि सिदू वर चढला. तेवढ्यात जवळच्या मंगल कार्यालयात कुणीतरी जनरेटर चालू केला आणि करंट उलटा तारेत आला. भागवत खाली दोर धरून उभा होता. त्यानं सिदूची बोटं तारेवर मिटताना पाहिली. ती पुन्हा उघडली नाहीत. त्यानंतरही भागवत खांबावर चढत राहिला, कारण पोट त्याच्यावरच होतं. घरात मात्र बाजेजवळ मोबाईलचा चार्जरसुद्धा तो राहू देत नसे.

मार्चच्या पहिल्या शनिवारी करिष्माचा बी.ए.चा पेपर होता. म्हणून भागवत आणि मंजुळाबाईच लेकराला घेऊन एसटीनं बीडला गेले. मशीन चालवणारी मुलगी पंचशीला, मूळची बीडजवळच्या पालीची, शिकून पुण्याच्या लॅबमध्ये लागलेली. ती समजुतीनं बोलत होती. भागवतनं विचारलं, याचा प्लग कुठं आहे? तिनं डबी उघडून आतला सेल दाखवला. घरच्या विजेशी याचा संबंधच नाही, आणि करंट फक्त दीड मिलीअँपिअर, असं ती म्हणाली.

भागवतला आकडे कळत होते. घरातलं सेफ्टी स्विच तीस मिलीअँपिअरला पडतं, हे त्यानंच कितीतरी लोकांना समजावून सांगितलं होतं. दीड म्हणजे काहीच नाही. पण डोक्याला कळलेलं हातांना कळत नव्हतं. पंचशीलानं शिवन्याच्या हाताला पट्टा बांधला आणि पोरीनं त्या पट्ट्यावर मूठ आवळली. भागवतच्या कानांत सूं आवाज सुरू झाला. त्यानं पट्टा सोडला, लेकराला छातीशी धरलं आणि तो सरळ बाहेर पडला. पंचशीला हाका मारत राहिली.

स्टँडवर येईपर्यंत तो थांबला नाही. मागून धापा टाकत मंजुळाबाई आल्या. त्यांनाही ते मशीन पटलं नव्हतंच.

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "एवढ्याशा जिवाला शॉक कशाला."

"करिष्माला सांगू नको. मशीन बंद पडलंय म्हणायचं."

मंजुळाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि मान हलवली. घरी आल्यावर करिष्मानं विचारलं, तेव्हा दोघांनी तेच सांगितलं. पुढच्या महिन्यात जाऊ, ती म्हणाली. नवऱ्यावर अविश्वास ठेवायचं तिला काही कारण नव्हतं.

मग ऊन वाढलं. मार्च संपत आला तसं दुपारी पत्र्याखाली बसवेना. शिवन्याचं अंग सारखं ओलं असायचं आणि वाळलं की कपाळावर पांढरे कण दिसायचे. भागवत ते बोटानं पुसायचा आणि कुणी पाहिलं तर नाही ना, असं इकडंतिकडं बघायचा. लेकरू खोकलं की शनिवार किती दिवसांवर आला हे तो मनातल्या मनात मोजायचा. तो यावा असं त्याला वाटत होतं, आणि येऊ नये असंही.

शनिवारच्या आधीच ते घडलं. एका दुपारी भागवत खांबावर असताना खिशातला फोन वाजत राहिला. खाली उतरून त्यानं उचलला, तर करिष्मा धड बोलू शकत नव्हती. पोरगी मान टाकतीय, दूध ओढत नाही, डोळे आत गेलेत. भागवतनं एक जीप ठरवली आणि लेकराला घेऊन तिघं बीडला निघाले. अख्ख्या वाटेत भागवत पोरीच्या नाकाशी बोट धरून बसला होता. वाटेतलं मांजरसुंबा मागं पडेपर्यंत बोटाला श्वास लागत होता. पुढं एका जागी लागेना. त्यानं जीप थांबवायला सांगितलं, आणि मग परत लागला.

दवाखान्यात सलाईन लागली. तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. अंगातलं मीठ घामावाटे वाहून गेलं होतं, आणखी उशीर झाला असता तर हाती काही राहिलं नसतं. पहिल्या शनिवारी तपासणी झाली असती तर उन्हाळ्याआधीच मीठ सुरू करता आलं असतं, असंही ते म्हणाले.

"पण मशीन बंद होतं ना," करिष्मा म्हणाली.

डॉक्टरांनी भागवतकडे पाहिलं. मंजुळाबाई भिंतीकडे बघू लागल्या.

"बंद न्हवतं," भागवत म्हणाला. "मीच लेकराला उचलून आणलं."

"कावून?"

त्यानं सिदूचं नाव घेतलं, मुठीचं सांगितलं. बोलताना त्याचा आवाज त्यालाच परका वाटत होता. करिष्मानं सगळं ऐकलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही.

"मला सांगायचं होतं," ती म्हणाली. "मी पेपर सोडला असता. मी धरलं असतं तिला."

त्यानंतर आठ दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली.

पोरगी सावरली आणि एप्रिलचा शनिवार आला. पंचशीलानं भागवतला ओळखलं. मागचं काही न काढता ती म्हणाली, "दादा, तुम्ही बाहेर बसलात तरी चालंल. ताई हायेत ना."

"न्हाई," करिष्मा म्हणाली. "त्येच धरतील."

भागवत खुर्चीत बसला. शिवन्या मांडीवर, तिचा हात त्याच्या तळव्यावर. तो हात एवढासा की मनगट त्याच्या दोन बोटांत मावत होतं. पंचशीलानं कातडी पुसली, ओलसर चकत्या लावल्या, वर पट्टे आवळले. करंट एकदम येणार नाही, हळूहळू चढेल, असं तिनं सांगितलं आणि बटण दाबलं.

शिवन्यानं अंग चोरलं, ओठ काढले आणि त्याच्या अंगठ्याभोवती मूठ मिटली. घट्ट. त्याला ती ओढून काढावीशी वाटली. करिष्माचा हात त्याच्या खांद्यावर आला. तो आधाराला होता की त्याला खुर्चीत दाबून ठेवायला, हे त्याला कळलं नाही. एक मिनिट गेलं. दुसऱ्या मिनिटात पोरीनं मूठ सोडली आणि त्याच्या शर्टाचं बटण पकडलं. ते तिला तोंडात घालायचं होतं. भागवतला एकदम हुंदका आला, तो त्यानं गिळला.

पट्टे निघाले तेव्हा खाली रुपयाएवढा लाल डाग होता. भाजलं का, त्यानं विचारलं. औषधाची लाली आहे, संध्याकाळपर्यंत जाईल, पंचशीला म्हणाली. त्या डागावर तिनं एक चकती बसवली. तिच्यात बारीक नळीचं वेटोळं होतं. घाम आला की तो निळा होऊन त्या नळीतून पुढं सरकतो. अर्धा तास थांबायचं होतं.

पहिली दहा मिनिटं नळी कोरडीच होती. घाम कमी निघाला तर तपासणी वाया जाते, मग पुन्हा महिनाभर थांबायचं. भागवतनं लेकराला दुपट्यात गुंडाळून पोटाशी धरलं. ज्या घामानं तिचा जीव जात होता, तोच आता यावा म्हणून तो नवस बोलत होता. मग एक निळा ठिपका दिसला. तो केसाएवढा सरकला, थांबला, पुन्हा सरकला.

साठच्या वर आकडा आला तर आजार धरायचा, एवढं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पंचशीलानं घाम यंत्रात सोडला. यंत्रावर अठ्ठ्याण्णव आले.

खात्रीसाठी दुसऱ्या हाताचाही घाम घ्यावा लागेल, असं ती हळूच म्हणाली. भागवतनंच झबल्याची दुसरी बाही वर सारली. या वेळी त्याला करंटाची भीती वाटली नाही. तिच्या जागी आता आकड्याची भीती होती, आणि ती कुठलंही बटण दाबून बंद होणारी नव्हती. दुसऱ्यांदा एकशे एक आले.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवलं. आजार मुळातून जात नाही, पण सांभाळता येतो. दुधाबरोबर पचनाच्या औषधाचे दाणे, रोज मीठ, सकाळ-संध्याकाळ पाठ थोपटून कफ मोकळा करायचा, आणि साध्या खोकल्यालाही घरी थांबायचं नाही.

"जगंल ना?" करिष्मानं विचारलं.

"आधी अशी मुलं लवकर जायची," डॉक्टर म्हणाले. "आता नीट सांभाळली तर मोठी होतात. किती, ते मी सांगू शकत नाही."

तीन महिन्यांत शिवन्याचं वजन दीड किलोनं वाढलं. गालांवर मांस आलं, ती धरून उभी राहू लागली. मंजुळाबाई आता शेजारणींना त्यांच्या लेकरांचा मुका घेऊन मीठ लागतं का ते पाहायला लावतात आणि दवाखान्याचा पत्ता सांगतात. करिष्मा नवऱ्याशी पूर्वीसारखी बोलते, फक्त दवाखान्याची फाईल ती स्वतःकडे ठेवते. भागवतनं ती कधी मागितली नाही.

पाठ थोपटायचं काम भागवतचं. सकाळी कामावर जायच्या आधी तो पोरीला मांडीवर पालथी घालतो आणि तळहाताची वाटी करून थापटतो. जोरात लागेल म्हणून भितो, हळू झालं तर कफ राहील म्हणूनही भितो. मग ती खोकते, लाल होते, श्वास अडकल्यासारखा होतो, आणि सुटतो. ती हसून वळते, खाली उतरायला धडपडते. भागवत मात्र तिला लगेच सोडत नाही. तिच्या पाठीला कान लावून बसतो, आत काही घरघरतंय का ते ऐकत.