टॉर्चची भोकं

रामभाऊंना अमेरिकेत, पार्सिपनीला मुलाकडे येऊन दीड महिना झाला आणि घरात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. चौतीस वर्षं नागपुरात विजेच्या खांबांवर चढलेला लाइनमन. त्याला सोफ्यावर बसवून 'आता आराम करा' म्हणणं ही शिक्षाच. गळका नळ झाला, करकरणारं दार झालं, सुनेच्या, दीक्षाच्या मिक्सरची वायरही झाली. हात मात्र शिवशिवतच होते.

अशातच प्रफुल्लच्या जॅकेटच्या खिशात त्यांना पितळी नळी सापडली. जाडजूड, बुडाला बटण.

"हे काय होय रे?"

प्रफुल्ल चाळिशीला टेकलेला, ऑफिसात पंधरा माणसं त्याच्या हाताखाली. पण बापासमोर त्याची बोबडी वळली. रोज सकाळी पंचशील म्हणणाऱ्या, जन्मात सुपारीचं खांडही तोंडात न टाकलेल्या माणसाला 'मी व्हेप, ती बॅटरीवरची सिगारेट, ओढतो' हे सांगायचं कोणत्या तोंडाने? ओठात धरायचा वरचा भाग तो वेगळा लपवून ठेवत असे, म्हणून खोटं खपलं.

"टॉर्च आहे, बाबा. बिघडलाय. राहू द्या."

बिघडलाय म्हटल्यावर रामभाऊ कसले राहू देतात! दुसऱ्या दिवशी घर रिकामं झालं तसा त्यांनी चष्मा चढवला. बुडाला तीन बारीक भोकं दिसली. कोणत्या गाढवाने ठेवली ही, पाणी शिरणारच की! त्यांनी नागपूरहून आणलेली दोन रंगांची पुट्टी मळली, भोकांत ठासून भरली, वरून घासून गुळगुळीत केली आणि नळी चिंचेने लखलखीत करून खिशात ठेवून दिली.

"तुझ्या टॉर्चात आता पाणी शिरत नाही बघ," संध्याकाळी ते म्हणाले. "बल्बचं मागून पाहू."

"थँक्स, बाबा," प्रफुल्ल घाईने म्हणाला. तो विषयच त्याला नको होता. काय केलंत, हे त्याने विचारलं नाही.

रविवारी दुपारी कचऱ्याचे डबे बाहेर काढतो म्हणून तो गॅरेजमध्ये गेला. स्फोटाचा आवाज झाला तेव्हा रामभाऊ वाटाणे सोलत होते. दीक्षा किंचाळली तसे ते गॅरेजकडे धावले. प्रफुल्लच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, जबडा फाटला, एक डोळा राहील की नाही हे डॉक्टर सांगायला तयार नव्हते.

तिसऱ्या दिवशी दीक्षा औषधं आणायला गेली असताना अग्निशमन खात्याच्या बाई हॉस्पिटलात आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत ती नळी होती, केळ्याच्या सालीसारखी उलटलेली. म्हातारा बसलाय म्हणून त्या सावकाश बोलत होत्या. या प्रकारच्या व्हेपमध्ये जास्तीचा करंट तोडायला सर्किट नसतं. बॅटरी तापली की आतला गॅस या भोकांतून सुटतो. तो सुटला असता तर हात भाजला असता, एवढंच.

"ही भोकं कोणी बुजवली?"

होल, गॅस, क्लोज्ड. रामभाऊंना तेवढं पुरलं. ट्रान्सफॉर्मरलाही दाब सुटायला वाट ठेवलेली असते. ती कधी बुजू द्यायची नाही, हे नव्या लाइनमनना त्यांनीच शिकवलं होतं. आणि घरच्या कामात अक्कल कुठे चरायला गेली होती?

"मीच," बँडेजमधून प्रफुल्ल कसाबसा म्हणाला. "धूळ जात होती."

रामभाऊ उभे राहिले. होतं नव्हतं ते इंग्रजी पळालं. "मी बुजवली, मॅडम. माझ्या हातानं बुजवली. याले काहीच माहीत नव्हतं."

बाईंनी प्रफुल्लकडे पाहिलं. काय म्हणतायत वडील?

प्रफुल्लने उघड्या असलेल्या एका डोळ्याने बापाकडे बघितलं. मग इंग्रजीत म्हणाला, "विचारतायत, मला घरी कधी सोडणार."

बाईंनी रामभाऊंच्या खांद्यावर थोपटलं, 'लवकरच' म्हणाल्या आणि कागद आवरू लागल्या.

एवढं इंग्रजी रामभाऊंना कळत होतं. 'नो, मॅडम' हे दोन शब्द तर बोलताही येत होते. बाई कागद आवरून दारापर्यंत जाईस्तोवर भरपूर वेळही होता. पण ते खाली बसले, आणि दार मिटलं तेव्हा त्यांना आधी हायसं वाटलं. स्वतःची इतकी शिसारी त्यांना जन्मात आली नव्हती.