आईचं लव्हाळं आणि जगदीशच्या कॅसेटी

निवृत्तीनंतर मेंदूला गंज चढू नये म्हणून मी मानक नगरच्या कम्युनिटी हॉलमधल्या कोडिंगच्या वर्गात नाव घातलं, आणि पहिल्याच दिवशी शेजारच्या खुर्चीवर कोण येऊन बसावं? डॉक्टर निरंजन देवस्थळी. अख्ख्या लखनऊत या माणसाला दुसरी खुर्ची मिळाली नाही.

आता हे कोण, ते सांगते. मी वनस्पतिशास्त्रज्ञ. सगळी नोकरी इथल्याच एका संशोधन संस्थेत गवतं आणि लव्हाळी ओळखण्यात गेली. हे गृहस्थही तिथेच. आमच्या धंद्यात माणसं दोन प्रकारची, तोडणारी आणि जोडणारी. मला दोन रोपांत जरासा फरक दिसला की मी त्यांच्या दोन जाती करते. देवस्थळींना सगळं एकच दिसतं. लखनऊबाहेर बख्शी का तालाब गावाकडे एका डबक्याच्या काठी मला एक लव्हाळं सापडलं होतं, बियांभोवतीचे केस वाकलेले, कुठल्याच पुस्तकात नसलेलं. आई तेव्हा नुकतीच गेली होती. मी त्याला तिचं नाव दिलं, नयना. पुढे काही वर्षांनी या महाशयांनी एक लेख लिहिला आणि ते लव्हाळं एका जुन्या जातीत ढकलून दिलं. पुस्तकांतून आईचं नाव गेलं. आमचं बोलणं त्याच्या आधीपासूनच बंद होतं, कडुनिंबाच्या सावलीत स्कूटर कोणी लावायची यावरून. लेखानंतर मी त्यांच्याकडे बघणंही सोडलं.

शिकवणारी नीलम पंचविशीची पोर, आणि बोलायला इतकी गोड की तिच्यावर चिडायचीसुद्धा सोय नाही. म्हणाली, "घर का म्यूज़िक कलेक्शन कोड में बनाइए. क्लास यानी साँचा, ऑब्जेक्ट यानी साँचे से निकली चीज़. दो-दो की जोड़ी में." मग आमच्याकडे बघून हसली. "आप दोनों तो मराठी हैं, आपस में समझ लेंगे."

मी कपाळावर हात मारला.

देवस्थळींकडे संग्रह म्हणजे एक रेडिओ. त्यामुळे काम आमच्या घरी, जगदीशच्या चार पेट्या कॅसेटींवर. जगदीश माझा नवरा, रेल्वेच्या संशोधनातून निवृत्त झालेला. मी ज्या माणसाचं तोंड बघत नव्हते त्याला तो रोज आल्याचा चहा करून द्यायचा, वर "साखर चालते ना?" असं विचारायचा. घरातच फितुरी, दुसरं काय.

मी पद्धतशीर काम केलं. आधी कूळ, मग उपकूळ, मग जात. भावगीताचं कूळ वेगळं, नाट्यगीताचं वेगळं, आणि प्रत्येक कॅसेटला तिचा स्वतंत्र क्लास. जेवढ्या कॅसेटी तेवढे साचे. देवस्थळींनी एकच क्लास केला, 'गाणं', आणि सगळ्या पेट्या त्यात ओतल्या. जगदीशने कामासाठी टेप केलेला इंजिनाच्या चाचणीचा खडखडाटसुद्धा.

"अहो, हे गाणं आहे?" मी विचारलं. त्यांच्याशी बोललेलं किती वर्षांतलं ते पहिलं वाक्य.

"आवाज आहे ना? मग झालं."

शनिवारी नीलमने दोघांचं काम पाहिलं. मला म्हणाली, "आंटी जी, इतने साँचे, और हर साँचे से चीज़ सिर्फ़ एक? फिर साँचा किसलिए?" मला ते झोंबलं, पण मुद्दा बरोबर होता. मग ती त्यांच्याकडे वळली. "और अंकल जी, इस इंजन वाले में गायक की जगह 'डीज़ल' क्यों लिखा है?"

"रकाना रिकामा ठेवता येत नव्हता," देवस्थळी माझ्याकडे बघत मराठीत पुटपुटले. मला हसू फुटलं, ते मी खोकल्यात घालवलं.

"पहले सुनिए," नीलम म्हणाली. "फिर तय कीजिए क्या एक है और क्या अलग."

म्हणून आम्ही ऐकायला बसलो. पेटीत दोन कॅसेटी होत्या, दोन्हींवर जगदीशच्या अक्षरात 'लतिका, भैरवी'. लतिका आमची मैत्रीण, लष्करी छावणीत राहणारी, कर्नलची बायको. तीच भैरवी ती एकदा अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये गायली होती आणि एकदा आमच्या दिवाणखान्यात. देवस्थळींनी लेबलं वाचली आणि बोट उचललं. "एकच. एक ऑब्जेक्ट. दुसरी कॅसेट काढून टाका."

"आधी ऐका. मग तोंड उघडा."

पहिली ऐकली. दुसरी लावली. त्यांनी डोळे मिटले होते. अर्ध्यावर ते म्हणाले, "थांबवा. वेगळं आहे. इथे बाईंना सर्दी झालीय, म्हणून वरच्या सुरावर जातच नाहीत, खालीच खेळतात. आणि तेच जास्त चांगलं झालंय."

खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "कॅसेट ऐकून मत बदलता येतं तुम्हाला! मग माझं लव्हाळं नीट बघितलं होतंत का हो, एकच आहे म्हणून लिहिण्याआधी?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "फोटो बघितले होते."

"फोटो? अहो, नमुना तुमच्याच मजल्यावर होता, कपाटात."

"किल्ली तुमच्याकडे होती, मधुमतीबाई. आणि आपण बोलत नव्हतो."

स्वयंपाकघरात जगदीशच्या हातून चमचा पडला. एका कडुनिंबाच्या सावलीपायी माझ्या आईचं नाव गेलं होतं. मी म्हटलं, "मंगळवारी संस्थेत चला. बघा डोळ्यांनी."

मंगळवारी जुन्या ओळखीवर आम्हाला आत सोडलं. वाळवलेल्या रोपांच्या त्या खोलीत अजूनही तोच डांबरगोळ्यांचा वास होता. मी नयनाचा कागद काढून टेबलावर ठेवला. जाड कागदावर शिवलेलं, तपकिरी पडलेलं वीतभर लव्हाळं. देवस्थळींनी जुन्या जातीचेही कागद मागवले आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बी, बियांभोवतीचे केस, पुन्हा बी. चहाची वेळ टळून गेली. मी तिथे गप्प उभी होते, हे जगदीशला सांगितलं तर त्याला पटणार नाही.

मध्येच त्यांनी माझ्या लेबलवरचं नाव मोठ्याने वाचलं. "नयना. कोण हो या?"

"माझी आई."

त्यांनी चष्मा काढला. त्यांना हे माहीतच नव्हतं. "न बघता लिहिलं ते चुकलं माझं," ते म्हणाले. "फार चुकलं." मग चष्मा लावून पुन्हा वाकले. मी देवाचं नाव घेत होते, आणि मी देवबिव मानत नाही.

बऱ्याच वेळाने ते सरळ झाले. "केस वाकलेले आहेत, हे तुमचं खरं. पण जुन्या जातीतल्याही तीन कागदांवर ते असेच वाकलेत. मला एकच वाटतं, मधुमतीबाई. खोटं कसं सांगू?"

मला राग आला. रडूही आलं. आणि लपवण्यात काय अर्थ आहे, बरंही वाटलं. आईच्या लव्हाळ्याकडे इतका वेळ माझ्याशिवाय दुसरं कोणी बघितलं नव्हतं.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. नमुना तपासणाऱ्याने आपलं मत, नाव आणि तारीख छोट्या चिठ्ठीवर लिहून त्याच कागदावर चिकटवायची. आधीचं लेबल काढायची कोणाला मुभा नसते, कितीही चूक वाटलं तरी. देवस्थळींनी चिठ्ठी लिहिली, 'जुनीच जात', आणि माझ्या लेबलखाली, आईच्या नावाला धक्का न लावता, हळूच चिकटवली.

मी डोळे पुसले, सूक्ष्मदर्शकातून स्वतः एकदा बघून घेतलं, ट्रेमधून दुसरी चिठ्ठी उचलली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'पुन्हा तपासलं. वेगळीच.' खाली सही ठोकली.

देवस्थळींनी ती वाचली, मान हलवली, आणि डिंकाची बाटली माझ्याकडे सरकवली.