रडायचं नाही

पुष्पा मॅडम कौतुक करायच्या ते भाजीत हिंग टाकल्यासारखं. चिमूटभर, आणि तेही समोरच्याकडून काही जास्तीचं काढायचं असलं तरच. त्यामुळे पुसदच्या त्यांच्या पार्लरमधल्या सगळ्या पोरींसमोर त्या "आपल्या रुपालीचा हात म्हणजे हात आहे बरं" असं म्हणाल्या, तेव्हा रुपाली खूश व्हायच्या आधी सावध झाली.

मुद्दा मागून आलाच. आर्णीला दुसरं पार्लर उघडायचं होतं आणि तिथं एक मुख्य बाई पाहिजे होती. त्या खुर्चीसाठी नावं दोन. एक रुपाली, जी खाली पडलेले केस झाडता झाडता नवऱ्या सजवायला शिकली होती. दुसरी मॅडमची भाची, जिनं अमरावतीला कोर्स केला होता आणि त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून आरशाशेजारी टांगलं होतं. त्या फ्रेमचा खिळा रुपालीनंच ठोकला होता.

"भावसिंग राठोडच्या पोरीचं लग्न आहे, तांड्यावर," मॅडम म्हणाल्या. "तू एकटी जा. वॉटरप्रूफचं पॅकेज घेतलं त्यानं. पोरगी गाडीत बसेपर्यंत चेहरा जसाच्या तसा राह्यला पाह्यजे. बिदाईच्या टायमाले मले व्हिडिओ कॉल लाव. राह्यला, तर आर्णी तुझी."

"अन् नाही राह्यला तर?"

मॅडमनी आरशाशेजारच्या फ्रेमकडं पाहिलं. भाची मोबाइलमध्ये बघत होती, पण तिचं बोट मात्र स्क्रीनवर थांबलं होतं.

मे महिन्यातलं लग्न. भावसिंगच्या घरात कूलर होता, पण तो गारव्यापेक्षा आवाज जास्त देत होता. नवरी वर्षा नागपूरला नर्सिंग शिकलेली, कमी बोलणारी. आई लहानपणीच गेली, आजीनं वाढवलं. ती आजी, बसंतीबाई, आरशांची बंजारा कांचळी चोळी घालून दारात बसली होती आणि आत येणाऱ्या प्रत्येकीला तपासून सोडत होती.

रुपालीनं जीव ओतून काम केलं. बेस बसला, खोट्या पापण्या चिकटल्या, काजळाची रेघ अशी आली की तिचं तिलाच बरं वाटलं. मग शेवटचा धडा. हा ती प्रत्येक नवरीला द्यायची, वॉटरप्रूफ असलं तरी; कारण रडू आलं की हात डोळ्यांकडं जातोच.

"आता रडायचं नाही. आलंच रडू, तर वर पाह्यचं अन् जीभ टाळूले दाबून धरायची. पाणी जाग्यावर थांबते."

वर्षानं लगेच करून पाहिलं. "असं का, ताई?"

"हाव. एक थेंब पडला ना, तर माह्या पोटावर पाय येईन पाय."

हे रुपाली हसत बोलली होती. वर्षानं ते हसत ऐकलं नाही.

आता चूक कुठं झाली, ते सांगायला हवं. पुसदच्या मंगल कार्यालयांत हा धडा चालून गेला होता. फोटोवालेही खूश असत. तांड्यावरही रुपाली आधी आली होती, पण चेहरा रंगवायचा, डबा बंद करायचा आणि परतीचा ऑटो धरायचा, एवढंच. पोरगी निघताना तांड्यात काय होतं, हे तिनं कधी थांबून पाहिलंच नव्हतं.

तिथं निघताना 'ढावलो' असतो. आजी, काकू, बहिणी एकेक करून नवरीच्या गळ्यात पडतात आणि सुरात रडतात. तिनंही त्याच सुरात रडत जबाब द्यायचा. जबाब म्हणजेच निरोप.

मांडवात बाया जमल्या. रुपालीनं कॉल लावून मोबाइल वर धरला. कानातल्या इअरफोनमध्ये मॅडम म्हणाल्या, "बढिया! जवळून दाखव."

बसंतीबाई पुढं झाली. तिनं नातीच्या गळ्यात हात टाकले आणि सूर लावला. आवाज जुना, मधेच फाटणारा. पण सगळ्या बाया सरकून जवळ आल्या. एक ओळ झाली. आजी थांबली, जबाबाची वाट पाहत.

वर्षा मांडवाच्या कापडाकडं बघत होती. जबडा घट्ट.

"क्या बात आहे!" कानात मॅडम. "एक रेघ हलली नाही!"

आजीनं दुसरी ओळ घेतली. पुन्हा थांबली. वर्षा वरच बघत होती.

"रडत काहून नाही वं ही?" मागून एक बाई.

"नागपूरचं पाणी लागलं बाप्पा."

"कायले रडन? घाई झाली तिले जायाची. म्हातारीपासून सुटली एकदाची!"

कोणी तरी हसलं. वरपक्षाच्या बायाही आता एकमेकींच्या कानाला लागल्या. बसंतीबाईचा सूर मधेच तुटला. तिनं नातीचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"काई वेगो, छोरी?" तिनं विचारलं. काय झालं, पोरी? आणि मग बाहेरच्यांनाही कळेल अशा बोलीत, "मी काही कमी केलं का तुले?"

वर्षानं डोळे खाली घेतले नाहीत, फक्त तिरके केले. रुपालीकडं. परवानगी मागावी तसे.

आर्णीची खुर्ची रुपालीपासून अशी हातभर अंतरावर होती. गाडी समोर उभी होती. अजून थोडा वेळ ही पोरगी अशीच राहिली, की झालं. "तशीच राहू दे," मॅडम कानात म्हणत होत्या, "तशीच राहू दे तिले."

रुपालीनं मोबाइल खुर्चीवर उताणा टाकला. इअरफोन ओढून काढला.

"वर्षा, जीभ सोड," ती म्हणाली. "रड."

"पण ताई, तुमचं पोट..."

"माह्या पोटाचं मी पाहीन. आजीले जबाब दे."

भावसिंग गर्दीतून पुढं आला. "म्हणजे? तुमी सांगतलं का तिले, रडू नको म्हणून?"

सगळ्या माना वळल्या. खोटं बोलायला जागा होती. नवरी घाबरली असं म्हणता आलं असतं.

"हाव, काका. म्याच सांगतलं. मले तुमचं हे माहीत नव्हतं. चुकलं माझं."

भावसिंग काही बोलायच्या आत वर्षाचा हुंदका फुटला. तो सुरात नव्हता, ढावलो काही तिला नीट येत नव्हता. पण बसंतीबाईनं तो उचलला आणि सुरात बसवून घेतला. मग काकू आल्या, मग बहिणी. चेहरा पाण्याला टिकणारा होता, पॅकेजमध्ये खोट नव्हती. पण आजीच्या तळव्यांचं, काकूंच्या पदरांचं आणि कांचळीच्या आरशांचं पॅकेजमध्ये कोणी लिहिलंच नव्हतं. एक पापणी तर बसंतीबाईच्या गालावर जाऊन बसली.

गाडीचा हॉर्न वाजू लागला. रुपालीनं ओला रुमाल घेतला, वर्षाला खाटेवर बसवलं आणि उरलंसुरलं सगळं पुसून काढलं. बेस नाही, पापण्या नाहीत. बोटानं काजळ, एक टिकली, ओठांना जरासा रंग. सुजलेले डोळे तसेच ठेवले. वरपक्षाचे लोक डोक्यावर उभे होते, तरी तिनं घाई केली नाही.

सासू वाकून बघून गेली. "सगळं पुसलं ते बरं केलं. आता कशी घरातली पोरगी दिसते," म्हणाली. "मघा मले भेवच वाटून राह्यलं होतं."

गाडी गेली. रुपालीनं मोबाइल उचलला. कॉल चालूच होता.

"केव्हाची मांडवाचं कापड पाहून राह्यली मी," मॅडमचा आवाज थंड होता. "ऐकलं मात्र सगळं. वॉटरप्रूफ पुसून टाकलं तू? आपल्या हातानं?"

"हाव, मॅडम."

"मंग आर्णीचं..." त्या थांबल्या. "मागं कायचा कालवा आहे?"

रुपालीभोवती तीन-चार बाया उभ्या होत्या. एकीच्या पोरीचं लग्न पुढच्याच मुहूर्तावर होतं आणि ती रुपालीची बाही सोडत नव्हती. 'रडू देणारी' पाहिजे म्हणत होती.

"बाया आहेत. नंबर मागून राह्यल्या," रुपाली म्हणाली. "माझा देऊ, का पार्लरचा?"

मॅडम गप्प झाल्या म्हणजे त्यांच्या डोक्यात बेरीज चालू असते, हे रुपालीला पक्कं माहीत होतं. आज त्या बेरजेत एका बाजूला सख्ख्या बहिणीची पोर होती आणि दुसऱ्या बाजूला अख्खे तांडे.

"तुझाच दे," मॅडम शेवटी म्हणाल्या. "आर्णीच्या पाटीवर तोच टाकावा लागन. अन् पॅकेजचं नाव बदलून सांग त्यांले."

"काय सांगू?"

"तेबी मीच सांगू? मुख्य बाई तू अन् डोकं माझं?"