झाकणावरचा खलबत्ता

त्या घरात गरम जेवण तसं कधीच मिळत नसे, पण त्या महिन्यात जरा अतीच झालं.

"आमच्याकडे आधी फोटो जेवतो," नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "मग उरलं तर आम्ही."

ती खाण्यापिण्यावर लिहायची आणि फोटोही स्वतःच काढायची. साठी उलटून गेली होती, गुडघे कुरकुरत होते, पण खिडकीत चांगला उजेड आला की बाईच्या अंगात काहीतरी संचारायचं. टेबल खिडकीशी ओढ, उजेड परतवायला थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा कर, बशी जरा डावीकडे, नको, होती तिथेच बरी होती. तोंडाने सतत पुटपुट. मध्येच ओट्यावर काहीतरी करपायचं, मग तिकडे धाव.

ओट्यावर नेहमी दोन पातेली असत. एक डोळ्यांचं, एक पोटाचं. डोळ्यांच्या पातेल्यातलं अर्धकच्चं उतरवायचं, म्हणजे हिरवं हिरवंच राहतं आणि फोडी मोडत नाहीत. वरून तेलाचा ब्रश फिरवला की कसं तुकतुकीत. पोटाच्या पातेल्यातलं नीट शिजवायचं आणि कृती लिहायची ती त्यावरून. हा तिचा जुना नेम होता. दुसराही एक होता. कुठलीही कृती छापायला द्यायच्या आधी तिची थोरली बहीण, अक्का, आपल्या घरी ती करून बघायची. अक्काने मान डोलावली तरच ती कृती पुढे जायची.

आता महिनाअखेर तिचं पुस्तक छापायला जायचं होतं. आयुष्यभराचं रांधणं त्यात आलं होतं. सगळी पानं लागली होती, एक सोडून. आईची घेवड्याच्या शेंगांची भाजी.

ती भाजी आता कुणी करत नव्हतं. अक्का एकटी राहायची, स्वतःपुरतं एवढा घाट कोण घालणार? हिच्या मुलीला त्या भाजीचा रंगच आवडत नसे. आई जाऊन इतकी वर्षं झाली होती, की ती चव माहीत असलेली माणसं जगात दोनच उरली होती, आणि दोघींच्या औषधांच्या गोळ्यांनी डबा भरायचा. पुस्तकात आली नाही तर भाजी संपलीच म्हणायची.

पण फोटो काही केल्या येईना. मऊ शिजलेल्या शेंगा, विरघळलेला कांदा, सगळ्याचा मिळून एक तपकिरी लगदा. पुस्तकाचं काम बघणारी संपादकबाई वयाने लहान, बोलायला गोड.

"मॅडम, रागावू नका हं," ती फोनवर म्हणाली, "पण हा फोटो गटारातल्या गाळासारखा दिसतोय. थोडा रंग आणता आला तर बघा. नाहीतर ते पान काढू या आपण. महिनाअखेर सांगा."

काढू या म्हणे! तिने फोन ठेवला आणि उभ्या उभ्याच ओटा पुसायला घेतला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

दुसऱ्या दिवशी तिने डोळ्यांचं पातेलं चढवलं. शेंगा जेमतेम वाफवल्या, टोमॅटोच्या फोडी वरून मांडल्या, तेल फिरवलं. फोटो असा आला, की संपादकबाईंनी लगेच कळवलं, "आता कसं!" त्याच आनंदात तिने कृती लिहून काढली, अक्काला पाठवली आणि जरा पाय पसरून बसली. बसली म्हणजे किती, चहा निवेपर्यंत.

अक्काचा फोन आला.

"धाकटे, ह्या शेंगा माणसांसाठी आहेत की घोड्यांसाठी?"

"का गं?"

"कचाकच वाजतायत दाताखाली. दात विकतचे आहेत म्हणून वाचले. आणि वर लिहिलंयस, आईची भाजी! आई असती तर हे पातेलं तुझ्या डोक्यावर पालथं घातलं असतं तिने."

तिने लिहिलेली कृती पुन्हा वाचली. घाईत तिने कृती डोळ्यांच्या पातेल्यावरून लिहिली होती. इतक्या वर्षांत कधी झालं नव्हतं ते झालं होतं, आणि तेही नेमकं आईच्या पानावर.

चूक दुरुस्त करणं काही अवघड नव्हतं. पोटाचं पातेलं चढवायचं, नीट शिजवायचं, वेळ लिहायची. तिने चढवलं. शेंगा मऊ झाल्या, भाजी चांगली झाली, पण आईची झाली नाही. पुन्हा केली. कांदा वाढवला, पाणी कमी केलं, पातेलं बदललं. बाजारातला भाजीवाला विचारायला लागला, "बाई, घरात लग्न आहे का?"

"चांगली आहे की," नवरा म्हणाला. आठवडाभर तो दोन्ही वेळा शेंगाच खात होता.

"चांगली नकोय मला. आईसारखी आहे का ते सांगा."

"अगं, सासूबाई आपल्या लग्नाआधीच गेल्या. मी कुणाला विचारून सांगू?"

ती ताटावरून उठली. खिडकीपाशी गेली, परत आली, फ्रिज उघडला, बंद केला. झोपेतसुद्धा हात शेंगा मोडत असावेत असं त्याला वाटायला लागलं होतं. महिना सरत आला. शेवटी तिने अक्काला फोन लावला.

"अक्का, तू ये."

"मी? दोन जिने चढून?"

"मला नाही जमत गं ती."

धाकटीच्या तोंडून हे वाक्य अक्काने याआधी कधी ऐकलं नव्हतं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी अक्का आली. जिन्याच्या प्रत्येक वळणावर थांबत, जिना बांधणाऱ्याचा उद्धार करत. तिची पिशवी उचलताना नवरा वाकलाच.

"अक्का, आत काय ऐरण घालून आणलीत?"

"ठेवा तिथे, आपटू नका."

अक्का स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसली. "कर. मी बघते."

धाकटीने कांदा परतला, शेंगा घातल्या, चिमटीने मीठ घातलं, आच बारीक केली, झाकण ठेवलं. मग झाकण काढून बघितलं. ठेवलं. ओटा पुसला. झाकण काढलं, रंग बघितला, ठेवलं. पुन्हा हात गेला.

"अगं, भाजी आहे की पाळण्यातलं पोर? दर घटकेला काय बघतेस?"

"रंग बघायला लागतो, अक्का. सवय आहे."

"सवय तुला जन्मापासूनची आहे." अक्काने पिशवीत हात घातला आणि आईचा लोखंडी खलबत्ता बाहेर काढला. दोन्ही हातांनी उचलून तो तिने झाकणावर ठेवला. ठक्क.

तो आवाज! कितीतरी वर्षांनी तो कानावर पडला आणि धाकटी जिथल्या तिथे उभी राहिली. दुपारचं ते जुनं स्वयंपाकघर, थंड फरशी, उशाला हात घेऊन आडवी झालेली आई. चुलीवर पातेलं, पातेल्यावर खलबत्ता. आणि कुणी आवाज करायचा नाही.

"आई हा इथे का ठेवायची, आठवतं?" अक्काने विचारलं.

"कुटून झाल्यावर ठेवायला जागा नसायची म्हणून."

"जागा भरपूर होती. तुझ्यासाठी ठेवायची. आई आडवी झाली की तू झाकण उचलून शेंगा पळवायचीस. हा काही तुला उचलायचा नाही. मग वाफ जरासुद्धा निसटायची नाही. तुझ्या हावरटपणापायी ती भाजी तशी व्हायची, बयो, आणि तू ती कागदावर शोधतेस."

धाकटीला हसावं की रडावं कळेना. "मग किती वेळ ठेवायचं?"

"आई उठेपर्यंत."

"म्हणजे किती?"

"ज्या दिवशी जशी दमली असेल तशी. आता मी जिने चढून दमलेय." अक्काने स्टुलावर पाय टाकले, पदर खांद्यावर ओढला आणि खरंच डोळे मिटले.

खिडकीत त्या वेळी असा उजेड आला होता, की काय सांगावं. मऊ, तिरपा, थेट पातेल्यावर. आणि झाकण काढायची सोय नाही! धाकटी येरझाऱ्या घालायला लागली. ओटा पुसून झाला, फडकं धुवून झालं. तिचा हात दोनदा खलबत्त्यापर्यंत गेला आणि मागे आला. उजेड सरकत होता, दिवस शेवटचा होता, आणि अक्का घोरत होती. अखेर हातांना काहीतरी हवं म्हणून तिने कॅमेरा उचलला आणि समोर जे होतं त्याचाच फोटो काढला.

अक्का उठली तेव्हा उजेड गेला होता. खलबत्ता उतरवला, झाकण काढलं. आत तोच तपकिरी गाळ. धाकटीने चमचाभर तोंडात घातली आणि ती ओट्याला टेकून उभीच राहिली. अक्काने तिच्या हातातून चमचा घेतला, चाखलं, मान डोलावली.

"वाढा की मग!" नवरा म्हणाला आणि घास घेताच ओरडला, "भाजलं! तोंड भाजलं माझं!" इतक्या आनंदाने तोंड भाजून घेणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

संध्याकाळी संपादकबाईंचा फोन आला.

"मॅडम, नवा फोटो बघितला. पण ह्यात भाजी कुठंय?"

"आत आहे."

"दिसत नाहीये ना."

"दिसायची नाही. झाकण काढलंत तर बिघडेल. कृतीत तसंच लिहिलंय बघा. वर वजन ठेवा, आच बारीक करा आणि आडवे व्हा."

"पण रंग?"

"रंग गाळासारखाच आहे. तेही लिहिलंय. पहिला हिरवा फोटो काढून टाका, तो खोटा होता."

संपादकबाईंनी फोटो पुन्हा उघडला असावा. "आणि मागे खुर्चीत ह्या कोण झोपल्यात?"

"माझी बहीण."

"काय मस्त झोपल्यात हो! असू दे, मॅडम. राहू दे पान."

आतून पातेलं खरवडल्याचा आवाज थांबला.

"कुणाचा फोटो?" अक्का ओरडली. "माझा? झोपेतला? अगं भवाने, केस तरी विंचरले असते मी!"