पेंटरच्या पाटीवर चादर

आमच्या काकाला सगळी गल्ली पेंटर म्हणते. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण मोबाइलवर जाहिरात लागली की त्याचं डोकं फिरायचं. काकू आतल्या खोलीत शिलाई मशीनसमोर बसून जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवायची आणि ते लाइव्ह दाखवायची. बाहेर काका ते बघत बसायचा. मध्येच जाहिरात टपकली की करवादायचा, "आता कुठे अस्तर लागत होतं!"

शेवटी त्याने जाहिराती अडवणारं एक अ‍ॅप मिळवलं. स्वतःच्या मोबाइलवर टाकलंच, शिवाय परोपकाराचं भूत अंगात आल्यासारखं नातेवाइकांच्या घरोघरी जाऊन त्यांच्याही मोबाइलवर टाकून दिलं. काकूचे प्रेक्षक म्हणजे बहुतेक हीच मंडळी.

काकूची जाहिरातींवर मिळणारी कमाई आटली. बघणारे तर तेवढेच! तिने धाकट्या बहिणीला फोन लावला.

"अगं ताई, भावजींनी जाहिराती बंद करून दिल्या ना! किती गुणाचे!"

काकूने फोन ठेवला. सकाळी काका कामाला निघाला, तर घराला लागून असलेल्या त्याच्याच दुकानाच्या पाटीवर डबलबेडची चादर.

"हे काय?"

"अडवली. लोकांच्या डोळ्यांत खुपत असेल."

"अगं, गिऱ्हाईक कसं येणार?" काकाने चादर ओढली. "आणि माझी पाटी कुणाला धरून ठेवत नाही. बघायची तर बघा, नाहीतर चालू लागा! तुझी जाहिरात माणसाला डांबून ठेवते."

मुद्दा बिनतोड होता.

"मग मी काय हवा खाऊन शिवू?"

काकाने चादरीची घडी घातली आणि त्याच पावली पुन्हा घरोघरी गेला, अ‍ॅप काढायला. आजी तर खूश झाली. जाहिरातीच्या वेळात तिला पाय मोकळे करता यायचे. साडू मात्र अडून बसला.

"मी काढणार नाही. ताईंना दरमहा थेट पैसे देतो, पण ती शाम्पूवाली बाई पुन्हा घरात नको."

काकूने तेही आनंदाने कबूल केलं.

पण पैसे भरल्यापासून साडू लाइव्हमध्ये मालकासारखा लिहायला लागला. "ताई, कॅमेरा जरा डावीकडे." "ताई, हा दोरा नको, निळा घ्या." काकू मुकाट्याने दोरा बदलते. परवा काका तिच्यामागे उभा राहून धुमसत होता, "याच्यापेक्षा जाहिरात परवडली. ती निदान संपते तरी!"

"हळू बोला," काकू म्हणाली, "माइक चालू आहे."