बर्थलमयाचं कातडं

रविवारी सकाळी साडेदहाला बंद पडलेल्या थिएटरात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्याच्या जागी निळी चादर, चादरीपुढे टेबल, टेबलावर काचेची पेटी आणि पेटीत चिमटीत मावेल एवढा पिवळसर, पातळ तुकडा. हा तुकडा प्रेषित बर्थलमयाच्या अंगावरचा होता. येशूच्या बारा शिष्यांपैकी हा एक. राजाने त्याला जिवंत सोललं आणि त्या कातडीचा एवढा तुकडा हातोहात फिरत आपल्या गावच्या थिएटरात पोचला, असं मंचावरचे उपदेशक, ज्यांना सगळे 'बंधू' म्हणत, सांगत होते. जवळजवळ दोन हजार वर्षांच्या प्रवासात तो कुठेही मळला नव्हता, याचं कोणालाच नवल वाटलं नाही.

"मी कोण? मी कोणीच नाही," बंधू माइकमध्ये म्हणाले. चार लाउडस्पीकर लावून बोलणारी माणसं सुरुवात नेहमी इथूनच करतात. "मी नुसता पेटी उचलणारा. पण ज्याची स्वतःची कातडी गेली, त्यालाच तुमच्या कातडीचं दुखणं कळणार. डॉक्टरला काय कळणार? त्याची शाबूत आहे."

लोक हसले, रांगेत उभे राहिले. खाज होती, गजकर्ण होतं, तळपायाच्या भेगा होत्या. बंधू चिमट्याने तुकडा उचलून रोग्याच्या तळहातावर ठेवत. दोन-तीन क्षणांत त्याच्या कडा वर येत, तो थरथरे आणि जिवंत असल्यासारखा वळून गोल होई. "बघा, दुखणं खेचतोय," बंधू सांगत. सभागृह तोंडात बोटं घालून बघत राही. असं दोन रविवार चाले. तिसऱ्या रविवारी बंधू आधी तळहातावर 'शांतीची भुकटी' चोळत आणि मग तुकडा ठेवत. तो जराही हलत नसे. म्हणजे दुखणं गेलं. ज्याची खाज तरीही राही, त्याची श्रद्धा कमी पडलेली असे.

तिसऱ्या ओळीत बसलेल्या कारागिराने तो तुकडा बघताक्षणी ओळखला होता. त्याने तीस वर्षं कातडी कमावण्याच्या कारखान्यात काढली होती. केस काढले तरी त्यांची भोकं राहतात आणि प्रत्येक जनावराची त्यांची मांडणी वेगळी असते, हे त्याला डोळे मिटूनही सांगता येईल इतकं पाठ होतं. पाया पडायच्या निमित्ताने तो पेटीवर वाकला, तेव्हा भोकांच्या नागमोडी ओळी स्वच्छ दिसल्या.

"बकरी आहे," तो जागेवर येऊन बायकोच्या कानात म्हणाला.

"अहो, गप्प बसा हो. पोरीचा नंबर येतोय."

पोर शेजारीच होती. चोवीस वर्षांची, त्याच कारखान्यात हातमोजे शिवणारी. तिच्या डाव्या हाताच्या पाठीवर बाटलीच्या झाकणाएवढा फिकट चट्टा आला होता आणि तिथे सुई टोचली तरी तिला कळत नव्हतं. करंगळीतली ताकद कमी झाली होती. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सरळ नाव सांगितलं होतं, कुष्ठरोग. सहा महिन्यांच्या गोळ्या दिल्या होत्या. लवकर आलात, हात वाचेल, पण गोळी चुकवायची नाही, असं दोनदा बजावलं होतं. तेव्हापासून आईने ते नाव घरात उच्चारलं नव्हतं. ती 'ते' म्हणायची. मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलं होतं.

मुलगी मंचावर गेली. बंधूंनी तुकडा थेट चट्ट्यावरच ठेवला. तो हललाच नाही. भुकटी लावलेली नव्हती, त्यामुळे क्षणभर बंधूंचाच चेहरा पडला. पण अशी माणसं पडल्या जागेवरून उठताना मूठभर काहीतरी घेऊनच उठतात.

"पहिल्याच रविवारी!" ते ओरडले. "पहिल्याच स्पर्शाला शांत. मुली, गोळ्या घेतेस का?"

"घेते."

"आजपासून बंद. आता गोळी घेणं म्हणजे प्रेषिताला खोटं पाडणं. पुढच्या रविवारी इथे येऊन साक्ष द्यायची."

कारागिराला वाईट याचं वाटलं, की त्यालाही बरं वाटलं. तुकडा बकरीचा हे पक्कं ठाऊक असताना त्याच्या मनात आलं, पण हलला नाही ना. घरी बायकोने गोळ्यांचं पाकीट कपाटावर टाकलं. ते त्याने पाहिलं आणि डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

गुरुवारी त्याची बहीण आली. शाळेत इतिहास शिकवणारी, सडेतोड, वहिनीला नकोशी आणि भाचीला हवीशी. भाचीने दार लावलं आणि चहा आणायला निघाली. आत्याला फरशीवर रक्ताचे थेंब दिसले. करंगळी दारात चेमटली होती आणि पोरीला पत्ताच नव्हता.

मग सगळं बाहेर आलं.

"सोललं म्हणून कोण सांगतं?" आत्याने पट्टी बांधता बांधता विचारलं.

"सगळेच सांगतात, वन्सं," वहिनी म्हणाली. "चित्रांत असतं."

"चित्रं कधीची? वहिनी, या बर्थलमयाला लोकांनी तीन-चार वेळा मारलंय. एक परंपरा म्हणते, शिरच्छेद केला. दुसरी म्हणते, क्रुसावर उलटा टांगला. तिसरी म्हणते, मारून बेशुद्ध केला आणि समुद्रात फेकला. सोलल्याची गोष्ट जी लेखी सापडते ती त्याच्यानंतर कित्येक शतकांनी. ज्यांनी त्याच्याविषयी बरंच आधी लिहिलं, ते तो उपदेश करत दूरदेशी गेला एवढंच सांगतात, मरणाबद्दल अक्षर नाही. तो चांगला माणूस नव्हता असं मी म्हणत नाही. तो कसा गेला ते आपल्याला माहीत नाही, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं."

"मग ते कातडं कोणाचं?"

"बकरीचं," कारागीर म्हणाला. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

बहिणीने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने मान खाली घातली.

"दादा, आणि तू गप्प बसलास?"

"हललं नाही ना ते. इतरांच्या हातावर हललं, हिच्या नाही."

"मग का हललं नाही ते शोध. मी बर्थलमयाचं बघते, तू बकरीचं बघ."

दुसऱ्या दिवशी कारागिराने कारखान्यात न कमावलेल्या, ताणून वाळवलेल्या बकरीच्या कातड्याचा पापुद्रा तासून घेतला. कोरड्या फळीवर तो पडून राहिला. ओल्या फडक्यावर ठेवला तर खालची बाजू ओल पिऊन फुगली, वरची तशीच राहिली आणि पापुद्रा वळून गोल झाला. तळहातावर ठेवला, घामाने वळला. अंगाला लावायची पावडर चोळून ठेवला, पडून राहिला. त्याला हसू आलं. संध्याकाळी त्याने मुलीच्या उजव्या तळहातावर ठेवला, वळला. डाव्या हाताच्या पाठीवर चांगल्या जागी ठेवला, कडा उचलल्या. त्याच हाताच्या चट्ट्यावर ठेवला, पडून राहिला. त्याचं हसू गेलं. त्याने डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "त्या जागेच्या नसा रोगाने निकामी होत आहेत. तिथे कळत नाही, तसा घामही येत नाही. गोळ्या चालू आहेत ना?"

त्याने फोन ठेवला, घामाचं दोघींना सांगितलं आणि खुर्ची घेऊन कपाटावरचं पाकीट काढलं. बायको आडवी आली. "रविवारपर्यंत थांबा. साक्ष होऊ दे," ती म्हणाली. आवाज रडवेला होता. मुलगी दोघांकडे बघत उभी राहिली. शेवटी तिने पाकीट बापाच्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं, पण उघडलं नाही.

रविवारी गर्दी दुप्पट होती. आत्या उठून उभी राहिली आणि तिने बर्थलमयाच्या मरणाच्या निरनिराळ्या कथा शांतपणे सांगितल्या. बंधूंनी डोळे मिटून ऐकलं.

"ताई," ते प्रेमाने म्हणाले, "पुस्तकातला प्रेषित चार वेळा मेला असेल. माझा जिवंत आहे. बघा," त्यांनी तुकडा एका रोग्याच्या तळहातावर ठेवला, "हलतोय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतिहास तिथेच बसला.

मग कारागीर मंचावर चढला. एका हातात ओला स्पंज, दुसऱ्यात पापुद्रा. "हे कातडं परवा कारखान्यात मी तासलं. बकरी कुठल्या धर्माची होती ते विचारलं नाही." त्याने पापुद्रा स्पंजवर ठेवला. तो वळला. "स्पंजला खरूज झाली असणार," तो म्हणाला. पहिल्या रांगेत कोणीतरी फिस्कन हसलं. त्याने पापुद्रा बंधूंच्या तळहातावर ठेवला. घामेजल्या हातावर तो असा उसळला, की खालीच पडला. "यांचं दुखणं फार जुनं दिसतंय."

आता निम्मं सभागृह हसत होतं. बंधू सावरले. "आणि यांच्या मुलीच्या हातावर? तिथे का हलला नाही? सांगा की."

कारागीर पडलेला पापुद्रा उचलायला वाकला. कारण सांगायचं तर रोगाचं नाव सांगावं लागणार होतं, आणि सहाव्या ओळीत व्याही बसले होते.

तेवढ्यात त्याची बायको उठली. तिने मुलीचं मनगट धरलं होतं, आणि मुलीच्या करंगळीवर अजून आत्याने बांधलेली पट्टी होती. ती माइकपाशी गेली नाही, जागेवरूनच बोलली, तरी सगळ्यांना ऐकू आलं.

"तिथे घाम येत नाही म्हणून हलला नाही. माझ्या मुलीला कुष्ठरोग आहे. मंत्रांनी नाही, गोळ्यांनी बरा होणारा आहे. आठवडाभर मी तिला गोळी दिली नाही, या माणसाच्या सांगण्यावरून आणि माझ्या भित्रेपणामुळे. गुरुवारी तिचं बोट दारात चेमटलं आणि तिला कळलं नाही. तुमच्यापैकी कोणाच्या अंगावर न दुखणारा चट्टा असेल तर त्याने इथे बसू नये. दवाखाना रविवारीही एक वाजेपर्यंत उघडा असतो."

बंधू पेटी बंद करू लागले. आधी मागची एक म्हातारी उठली, मग पदराखाली हात लपवलेली एक बाई, मग सहाव्या ओळीतले व्याही. ते बाहेर जातील असं वाटलं. ते रांगेतून वाट काढत मुलीपाशी आले आणि म्हणाले, "चला, आमची गाडी आहे. साडेबारा झालेत."