चारशे सतरा नंबरची हिमनदी

माणूस ओळखायचा तर त्याच्याबरोबर प्रवास करावा म्हणतात. मी म्हणतो, एवढी पायपीट कशाला? त्याच्याकडून एका हिमनदीची कड काढून घ्यावी.

आमच्या कचेरीचं काम तेच. उपग्रह डोंगरांवरून जातो, फोटो घेतो. त्यातले उन्हाळ्याच्या अखेरीचे, ढग नसलेले फोटो आम्ही निवडतो, कारण तोवर वरवरचा बर्फ वितळलेला असतो आणि उरतो तो जुना, मुरलेला. पडद्यावर बर्फ निळा दिसतो, खडक तांबूस. निळ्याच्या कडेकडेने माउसने रेघ ओढत न्यायची, टोकाला टोक जोडलं की आतलं क्षेत्रफळ आपोआप निघतं. मागची रेघ आणि आताची रेघ, यांच्या मधलं जे ते गेलं. नऊ वर्षांत वाढलेली हिमनदी मी एकही पाहिली नाही.

हे काम संगणकच का करत नाही, असं आलेले पाहुणे हमखास विचारतात. करतो की. पण डोंगराची सावली पडली की तो गोंधळतो. आणि हिमनदीच्या खालच्या अंगावर दगडगोट्यांचा थर साचला की त्याला बर्फ कुठे संपला आणि डोंगर कुठे सुरू झाला, कळत नाही. तिथे माणूस लागतो. माणूस आला की स्वभाव आला.

मी तपासनीस. रेघा काढणारे चार, त्यांच्या रेघा पडताळून सही करणारा मी एकटा. कुणाची रेघ किती ढिली, किती घट्ट, याची टक्केवारी मी एका जाड वहीत लिहीत असे, म्हणून सगळे मला मुनीम म्हणत. आमच्यातली एक बाई निळ्यात शंका आली की तेवढा तुकडा छाटूनच टाकायची. तिला आम्ही कात्री म्हणायचो, आणि तिला ते आवडायचं. साहेबांनी एकदा हौसेने एक हिमनदी काढली, ती डोंगर ओलांडून पलीकडच्या उतारावर गेली. मी ती त्यांना साभार परत केली. पुढे तीन महिने माझी रजा मंजूर झाली नाही.

आणि मास्तर. कानावर पेन्सिल अडकवायचे म्हणून मास्तर, बाकी शाळेशी संबंध नाही. वय एक्कावन्न. माझ्या वहीत त्यांच्या नावापुढे कधी दोन टक्क्यांच्या वर चूक नाही. शिवाय त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी आमच्यापैकी कुणाकडेच नव्हती: ते बर्फावर चाललेले होते. चारशे सतरा नंबरच्या हिमनदीखाली अकरा घरांचं गाव, ते त्यांचं. आई लहानपणीच गेली. थोरल्या भावाच्या बायकोने त्यांना वाढवलं, शिकायला खाली पाठवलं. भाऊ आणि वहिनी अजून तिथेच होते. बाकी आम्ही सगळे खुर्चीत बसून हिमनद्यांचे तज्ज्ञ. बर्फ आम्ही पाहिलेला, तोही पेल्यात.

आमचा नियम असा. फोटोतला एक चौकोन म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकडा. असे शंभर चौकोन भरले तर ती हिमनदी. नव्याण्णव भरले तर तिला यादीतून काढायचं. दरवर्षी वीस-पंचवीस निघायच्या. यादीतून नाव काढताना कुणी उभं राहत नाही, काही नाही. ओळ पुसली जाते आणि खालचे नंबर तसेच राहतात.

एका वर्षी पडताळणीसाठी चारशे सतरा कात्रीलाही दिली. तिने चौसष्ट चौकोन काढले, मास्तरांनी एकशे अठरा. चौऱ्याऐंशी टक्के जास्त! मी वही घेऊन त्यांच्या टेबलाशी गेलो. ते शांतपणे म्हणाले की खालचा सगळा दगडांचा पट्टा बर्फावरच बसलेला आहे, फोटोत दिसत नसला तरी. आपण तिथे घसरून गुडघा फोडून घेतलाय, कुऱ्हाडीने ढेकूळ तोडून चोखलंय. कात्रीने आपले चौसष्ट मागे घेतले. बर्फ चोखलेल्या माणसाशी काय वाद घालणार?

मी नमुन्यात लिहिलं, 'स्थानिक माहितीच्या आधारे मान्य', आणि सही केली. ढेकूळ चोखलं तेव्हा मास्तर नऊ वर्षांचे होते, म्हणजे गोष्ट चाळीसेक वर्षांपूर्वीची, हे वजाबाकी करून मला तेव्हाच कळलं होतं. पण एका पानावर तीस हिमनद्या, पान परत करायचं म्हणजे तीसही पुन्हा काढायला लावायच्या. आणि खरं सांगायचं तर, एवढ्या मोठ्या यादीत एखादी राहिली तर राहू दे, असंही वाटलं. पुढच्या दोन वर्षी ती एकशे पंधरा आणि एकशे बारा भरली. हळूहळू, शोभेल अशी कमी होत गेली. मीच सही केली.

मास्तरांचे थोरले भाऊ आले ते दुपारच्या सुट्टीत. उंच, वाकलेले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद. मास्तर उठून त्यांच्या पाया पडले आणि त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. थोरल्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. ओढा उन्हाळ्याच्या शेवटी आटायला लागून चार वर्षं झाली होती. गावाने खालच्या खोऱ्यात जागा मिळावी म्हणून अर्ज केला होता, तो फेटाळला गेला. तुझ्या खात्याच्या कागदाचा आधार दिलाय म्हणतात, तेव्हा कुणी ओळखीचं असेल तर बघ.

मास्तरांनी कागद वाचला. मी त्यांच्या खांद्यावरून वाचला, ती माझी सवय. शेवटची ओळ अशी होती: उगमस्थानी हिमनदी क्रमांक ४१७, क्षेत्र १.१२ हेक्टर, अस्तित्वात; सबब पाण्याचा कायम स्रोत असल्याने अर्ज नामंजूर.

आपली यादी कुठेतरी जाते, एवढंच आम्हाला माहीत होतं. कुठे जाते, ते कुणी विचारलं नव्हतं.

मास्तरांनी पडद्यावर फोटो उघडला. थोरल्यांनी आपलं गाव वरून पहिल्यांदाच पाहिलं. आधी त्यांनी स्वतःचं छप्पर शोधलं, मग वाट, मग ओढ्याची कोरडी रेघ धरून वर वर आले. निळ्या ठिपक्यापाशी थांबले. ठिपक्याच्या खाली, तांबड्यातून, मास्तरांनी काढलेली पिवळी कड गेली होती.

"ही कुणी मारली?" त्यांनी नख टेकवून विचारलं.

त्यांचं नख तिथून हललं नाही.

"इथे दगड आहेत. नुसते दगड. दोन वर्षांपूर्वी मी पहार घेऊन गेलो होतो. पुरुषभर खाली खणलं. ओलसुद्धा नाही लागली."

"दादा, तिथे आपण बर्फ फोडायचो."

"फोडायचो."

"मग खाली असणारच ना."

"अरे, तुला जाऊन पस्तीस वर्षं झाली."

कात्रीने डब्याचं झाकण लावलं आणि बाहेर गेली. मला जाता आलं नाही.

मास्तरांनी विषय बदलावा तसं विचारलं, वहिनी कशी आहे. थोरले म्हणाले, बसून आहे. बसून म्हणजे? मग ते निघालं. ओढा आटला की पाणी पलीकडच्या घळीतून आणावं लागे, आणि मागच्या उन्हाळ्यात त्या उतरणीवर वहिनी हंड्यासकट पडली होती. कमरेचं हाड. चालणं संपलं ते संपलंच. तुला कळवायचं नाही, तू कामं टाकून धावत येशील, असं तिनेच बजावलं होतं.

मास्तरांनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली.

"मी मारली, दादा. ती रेघ."

थोरल्यांनी कागदाची पूर्वीच्याच वळणांवर घडी घातली, पिशवीत ठेवली, पिशवीला गाठ मारली.

"बरं," ते म्हणाले. "म्हणजे ओळखीचं माणूस आहे तर."

त्याच दुपारी मास्तरांनी दुरुस्तीचा नमुना भरला. चुकीचं कारण या रकान्यात चार पर्याय असतात: ढग, सावली, नवा बर्फ, काढणाऱ्याची चूक. त्यांनी चौथ्यावर खूण केली. अठ्ठावन्न चौकोन. या खेपेला त्यांची रेघ कात्रीपेक्षा घट्ट होती. मी सही केली आणि आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. मला वाटलं होतं, आठवड्यात नवा दाखला निघेल.

साहेबांना हिमनदी काढता येत नाही, पण हिशेब येतो. एक रेघ आठवणीतून काढली असेल, तर या माणसाच्या बाकीच्या सहाशे रेघा कशावरून डोळ्यांनी काढल्या? त्यांचं काही चूक नव्हतं. सहाशेच्या सहाशे पुन्हा काढायचं ठरलं, आणि तोवर जुनी यादीच ग्राह्य. मास्तरांना अभिलेख खोलीत बसवलं, जिथे माउस नाही. मला लेखी समज मिळाली, तीही स्थानिक माहितीच्या आधारे असावी, कारण तीत माझं आडनाव चुकलं होतं.

कात्रीने आणि एका नव्या मुलीने मिळून सहाशे रेघा काढल्या. त्याला चौदा महिने लागले. बाकीच्या पाचशे नव्याण्णव रेघांत मास्तरांची चूक दोन टक्क्यांच्या आतच निघाली. चारशे सतरा तोवर एकेचाळीस चौकोनांवर आली होती. तिला यादीतून काढलं. गावाने पुन्हा अर्ज केला.

गावातली घरं मोजायला सरकारी माणसं गेली. तिथलाही एक नियम होता, आमच्यासारखाच: दहा घरं नांदती असतील तर ते गाव. अकरापैकी सात निघाली. पहिलं कुलूप थोरल्यांचंच लागलं होतं. अंथरुणावरच्या बाईला घेऊन दुसरा हिवाळा तिथे काढणं शक्य नव्हतं, म्हणून मास्तरांनी दोघांना आपल्या दोन खोल्यांत आणलं होतं. मागोमाग आणखी तीन घरं जिकडे जागा मिळेल तिकडे गेली. उरलेल्या सात घरांचं पुढे काय करायचं, यासाठी कुठल्याच नमुन्यात रकाना नव्हता.

अर्ज पुन्हा नामंजूर होऊन निकाली निघाल्याचं पत्र आमच्याकडे माहितीसाठी आलं. ते टपालाने पाठवता आलं असतं. मी हातात घेऊन मास्तरांच्या घरी गेलो.

मास्तर दुकानात गेले होते. थोरल्यांनी दार उघडलं, पत्र घेतलं, न वाचता फडताळावर ठेवलं आणि चहा टाकायला आत गेले. खिडकीशी चाकांच्या खुर्चीत वहिनी बसल्या होत्या. लहानखुऱ्या, नीट विंचरलेल्या. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि तीन नळ्या दिसत होत्या. एका नळीतून पाणी ठिबकत होतं आणि त्या ते पाहत होत्या.

"इथे पाणी वाया फार जातं," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून नीट पाहिलं. "तुम्ही मुनीम ना? तो सांगतो तुमच्याबद्दल. म्हणतो, मुनीमांच्या नजरेतून काही सुटत नाही."

मी म्हणालो, तसं काही नाही.

"त्याचं मी समजू शकते. तो लहान होता. त्याला वाटलं असेल, आहे तसं असेल." त्यांचा आवाज चढला नव्हता. हिशेबात एक आकडा जुळत नाही, एवढंच विचारावं, तसा होता. "पण त्याचं काम तुम्ही तपासायचात ना? मग हे कसं तपासायचं राहिलं?"

आत कपबश्यांचा आवाज थांबला. थोरले ऐकत होते.

नजरचूक म्हणता आलं असतं. सावली म्हणता आली असती. चार पर्याय मला पाठ होते.

"राहिलं नव्हतं, वहिनी," मी म्हणालो. "तपासलं होतं."

त्यांनी मान हलवली, जुळलं एकदाचं, अशी. मग खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवायला हात चाकावर नेला. चाक अडलं. मी उठलो आणि वळवून दिली.